मावशीच्या हातातली घुरघुर

मावशीच्या डाव्या हातातून आवाज येत होता. शाल्मलीने आधी घड्याळ शोधलं, पण मनगटावर घड्याळ नव्हतंच. कातडीखाली एक जाड, फुगीर शीर होती. तिच्यावर बोट ठेवलं की मांजर घुरघुरावं तशी थरथर लागायची.

"मावशी, हातात यंत्र बसवलंयस का गं?"

"छे, सगळा माझाच ऐवज आहे!" सुनेत्रामावशी हसली. "टेकू, हिला नीट सांग. मला विमान तपासायचंय."

मावशी साताऱ्याजवळच्या एका पठारावर राहायची आणि उजाड डोंगरांवर बिया पेरणारी छोटी विमानं बनवायची. शाल्मली सुट्टीत तिच्याकडे आली होती. टेकू हा मावशीचा यंत्रमानव. तिची मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून तिच्या डायलिसिसचं (यंत्राने रक्त शुद्ध करण्याचं) कामही तोच बघायचा.

"यंत्राला दर मिनिटाला पेलाभराहून जास्त रक्त लागतं," टेकू म्हणाला. "कुठून घ्यायचं?"

"शिरेतून. तपासणीला घेतात तसं."

"शीर (हृदयाकडे रक्त परत नेणारी नळी) वरवर असते, पण तिची भिंत पातळ आणि रक्त संथ. जोरात ओढलं की ती मिटून जाते."

"मग धमनीतून?"

"धमनीत (हृदयाकडून रक्त आणणाऱ्या नळीत) जोर असतो, पण ती खोल असते. तिला सारखं टोचणं धोक्याचं. म्हणून डॉक्टरांनी मनगटाजवळ धमनी शिरेला जोडली. धमनीचा जोर शिरेत आला. काही आठवड्यांत शीर रुंद झाली, भिंत जाड झाली. या जोडाला फिस्टुला म्हणतात. वेगाने शिरणारं रक्त भोवरे घेतं, त्याचीच ही थरथर."

"म्हणून मावशी डाव्या हाताने पिशवी उचलत नाही?"

"हो. या हातावर रक्तदाबही मोजायचा नाही, यावर झोपायचं नाही. आणि थरथर रोज तपासायची. उजव्या हातातला फिस्टुला असाच थरथर थांबून बंद पडला."

पुढच्याच आठवड्यात मावशीच्या नव्या विमानाचं पहिलं उड्डाण होतं. दोन वर्षांची मेहनत, बाहेरगावचे पाहुणे. नेमकं आदल्या दिवशी मावशीचं पोट बिघडलं. उड्डाणाच्या सकाळी ती थकलेली दिसत होती, तरी बूट घालून तयार होती. शाल्मलीने सवयीने तिच्या मनगटावर बोटं ठेवली. काहीच लागलं नाही. तिने कान लावला. हात गप्प होता.

"मावशी, थरथर नाहीये!"

मावशीने स्वतः तपासलं. तिचा चेहरा उतरला. "उड्डाण दहा वाजता आहे. ते झालं की लगेच जाऊ."

"जुलाबांमुळे अंगातलं पाणी कमी झालं, रक्तदाब उतरला," टेकू म्हणाला. "फिस्टुलात रक्ताची गुठळी झाली असावी. जितका उशीर, तितकी ती काढणं अवघड. निर्णय तुमचा आहे, ताई."

शाल्मलीला रडू येत होतं, पण ती दारात आडवी उभी राहिली. "उजव्या हातातला फिस्टुला आधीच बंद पडलाय ना? मग हाही गेला तर तू यंत्र कुठे जोडणार?"

मावशीने सहकाऱ्याला फोन केला. "सुरू करा. माझी वाट पाहू नका."

साताऱ्याच्या रुग्णालयात डॉक्टर भोईट्यांनी बारीक नळी घालून गुठळी काढली आणि शिरेतली अरुंद झालेली जागा रुंद केली. विमान उडालं तेव्हा मावशी शस्त्रक्रियेच्या टेबलावर होती. बाहेर आल्यावर तिने पहिल्यांदा मनगट चाचपलं, आणि मगच विमानाचं विचारलं. ते नीट उतरलं होतं. तिने डोळे मिटले. आनंदाने की हळहळीने, ते शाल्मलीला कळलं नाही.

"संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर हा हात वाचवणं कठीण होतं," डॉक्टर म्हणाले. "शरीरात अशा जागा मोजक्याच असतात. म्हणून आहे ती जपायची."

"नवी जागा बनवता नाही येत?" शाल्मलीने विचारलं.

डॉक्टर तिला शेजारच्या प्रयोगशाळेत घेऊन गेले. काचेच्या भांड्यात, गुलाबीसर पाण्यात शेवईएवढी पांढरी नळी तरंगत होती. "रुग्णाच्याच पेशींपासून (शरीराच्या सर्वांत लहान जिवंत घटकांपासून) वाढवलेली शीर. आम्ही अजून कुणाच्या हातात बसवलेली नाही. तू कॉलेजात जाशील तोवर कदाचित बसवू."

शाल्मली वाकून बघत राहिली. नळी अगदी हळू हलत होती.

"हिच्या भिंतीला कसं कळतं, किती जाड व्हायचं ते?"

डॉक्टरांनी एक स्टूल तिच्यापुढे सरकवलं. "बस. हे आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. जेवढं कळलंय तेवढं सांगतो."