पाठमोरा हिरो

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी खर्ड्याच्या किल्ल्यात अंगदचा फोन आला. गाण्याच्या व्हिडिओचा हिरो तोच. "बिभीषणदादा, शेतातली लाईट आलीय. मी पाणी धरायला चाललो. शूटिंग उद्या."

कॅमेरा एका दिवसापुरताच आणलेला. दिग्दर्शक बिभीषणदादांनी आजूबाजूला पाहिलं आणि नेवाशाहून एडिटिंगसाठी आलेल्या शुभांगीच्या हातात हिरोचा निळा शर्ट ठेवला. "तू उंच हायेस. पाठमोरी उभी राहा. निकिता, तू हिच्याकडं बघून लाजायचं."

गाणं निकितानंच गायलेलं, हिरोईनही तीच. ती समोर येऊन उभी राहिली.

"खरंच लाजू?"

"जमंल तेवढं," शुभांगी हळूच म्हणाली. "माझ्याकडं बघून अजून कुणी लाजलं न्हाई."

"मग आजपासून सवय कर…"

वाऱ्यानं निकिताची ओढणी बाभळीला अडकली. ती सोडवताना शुभांगी कॅमेरा विसरली, वळली — आणि दोघी हसत सुटल्या.

"कट! अगं, हिरोचं तोंड दिसलं!" दादा ओरडले.

त्यानंतर रोज दुपारी दोघींचे फोन होऊ लागले. पहिला आठवडा गाण्याबद्दल बोलण्यात गेला. दुसऱ्या आठवड्यात गाणं मागं राहिलं.

"निकिता, तो हसण्याचा तुकडा गाण्यात ठेवू?" एके दिवशी शुभांगीनं विचारलं. "दादा म्हणतात, तेवढाच खरा वाटतोय. पण ठेवला तर हिरो दिसणार न्हाई… मी दिसेन."

निकिताची आई तिच्यासाठी स्थळं बघत होती. हा व्हिडिओ आईही बघणार होती.

"गेलीस का गं?"

"हाय." निकितानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "ठेव. मला बी तेवढंच खरं वाटतंय."

"म्हणजे…?"

"एडिटर ना तू? मग एवढं पण समजंना?"

पलीकडून बराच वेळ नुसतं हसू ऐकू येत राहिलं.

गुरुवारी दुपारी चारला व्हिडिओ आला. सहा वाजता शेंगा फोडता फोडता साळूबाईंनी लेकीकडून मोबाईल मागून घेतला. गाणं पाहिलं. पुन्हा पहिल्यापासून लावलं.

"ही पोरगी कोण?"

"शुभांगी."

"गाण्यापुरतीच का?"

निकितानं एक शेंग उचलली. "न्हाई, आई. गाण्यापुरती न्हाई."

साळूबाईंनी हातातली शेंग फोडली. दाणे सुपात टाकले.

"गाण्यात लई गोड दिसतंय गं," त्या सावकाश म्हणाल्या. "बघताना वंगाळ वाटलं न्हाई मला. पन घरात कसं दिसंल?"

"बोलवू तिला? जेवायला?"

साळूबाईंनी व्हिडिओ थोरल्या बहिणीला, स्थळं आणणाऱ्या भागिरथीमावशीला व्हॉट्सॲपवर पाठवला आणि मोबाईल तोंडाजवळ धरून सांगितलं, "अक्का, हे बघ. आपली निकिता हाय. पुरतं बघ, मग बोल."

सात वाजून वीस मिनिटांनी दोन्ही खुणा निळ्या झाल्या. मावशीचं उत्तर अजून आलेलं नाही.