न घासलेली जीभ

ओळखवर्गाच्या धड्यातलं ते वाक्य मंडळानं, म्हणजे तुम्ही काढलंत. चुकून गळलं म्हणू नका. चुकून गळलेल्या वाक्याची जागा उसवलेली दिसते, तुम्ही ती रफू केली होती. तुमच्या खुलाशात जे नाही ते इथं ऐका.

सोलापुरात तेव्हा प्रत्येक यंत्रमाग वस्तीला एक सुईकेंद्र होतं. वेदनाशामक गोळ्यांवर बंदी आली होती. त्यांनी अर्ध्या शहराची मूत्रपिंडं खाल्ली होती. ज्याला दुखेल त्यानं सुईकेंद्रात जायचं. टोचण्याआधी नव्या रुग्णाला ओळखवर्गात बसवत. केंद्रं चालवणाऱ्या मंडळानं पाठवलेला धडा डॉक्टरांनी वाचायचा, शब्द न बदलता.

डॉ. शर्वाणी देवस्थळी वाचत होत्या. "जुने चिनी वैद्य मानत की शरीरात 'ची' नावाची शक्ती ठरावीक वाटांनी वाहते. वाट तुंबली की दुखतं. त्या वाटेवरच्या नेमक्या बिंदूवर सुई टोचली की ती मोकळी होते. सुई केसाएवढी बारीक असते. टोचल्यावर जड वाटेल, मुंग्या येतील, घाबरू नये. उपाशीपोटी येऊ नये. सैल कपडे घालावेत. आम्ही दोन्ही मनगटांची नाडी पाहू आणि जीभ पाहू."

मागून आवाज आला, "मॅडम, माल चीनचा. टिकतो का?"

वर्ग हसला. विचारणारी नागमणी येमूल. टॉवेलच्या कारखान्यात मागावर उभी राहून तिचा उजवा खांदा गेला होता. हात डोक्यापर्यंत जात नव्हता. वेणी सून घालायची आणि घालताना बोलायची.

"सुई हैदराबादची आहे," डॉक्टर म्हणाल्या. "विचार चीनचा."

"मग विचार टिकंल. आणि ती ची का काय, दिसती का कुठं?"

"नाही. मी वीस ठिकाणी शोधली. सुईनं काय होतं ते मात्र दिसतं."

हे त्या धड्यात नव्हतं. पुढचंही नव्हतं, पण त्यांनी सांगितलं. दुखणं म्हणजे मज्जातंतूंतून मेंदूकडे निघालेला निरोप. पाठीच्या कण्यात त्याला एक दार लागतं. साधी सुई ते दार घटकाभर लोटते. केंद्रात मिळणारी दुसरी सुई म्हणजे मूकसुई. तांदळाएवढी, ती मानेखाली कातडीत कायमची बसते, येणारा निरोप ऐकते आणि त्याच्या नेमका उलटा निरोप सोडते. दोन्ही एकमेकांना खातात. मेंदूपर्यंत काहीच पोचत नाही.

"म्हणजे खांदा बरा होणार."

"बरा नाही. गप्प होणार."

"मालकाला हेच पाहिजे असतंय," नागमणी म्हणाली आणि मान पुढं केली.

खांदा गप्प झाला. नागमणीनं आपली वेणी आपण घातली आणि सुनेला आरसा धरायला लावलं.

आता मूकसुईची खोड. खांदा कोणता आणि पोट कोणतं हे तिला कळत नाही. ती दार लावते, आणि त्याच दारातून सगळ्यांचे निरोप येतात. नाडीवरही भरवसा नाही, कारण वेदना गेली की नाडी आपोआप संथ होते. म्हणून ज्यांनी मूकसुई बनवली त्यांनी एक साक्षीदार राखून ठेवला होता. जिभेवरचा थर. मेलेल्या पेशी, जंतू आणि पोटातून वर येणारं बरंवाईट रात्रभर जिभेवर साचतं. त्या थराला मज्जातंतू नाहीत, त्याला गप्प करता येत नाही. महिन्यातून एकदा केंद्रातल्या कॅमेऱ्यापुढं जीभ काढायची. थर जाड, काळा किंवा एका बाजूनं सोललेला दिसला की आत काहीतरी पेटलंय असं समजायचं.

चिनी वैद्य हे फार पूर्वीपासून बघत आलेत. पण त्यांचा रुग्ण सकाळी उठून तांब्याची पट्टी घेऊन जीभ खरवडत नाही.

आपण खरवडतो. ओकारी येईस्तोवर खरवडतो. आणि डॉक्टरकडे जायचं असेल तर दोनदा.

नागमणी दर महिन्याला जायची. कॅमेऱ्यापुढं गुलाबी, ओली, स्वच्छ जीभ काढायची. हिरवा दिवा लागायचा. वजन उतरत होतं; ती म्हणायची, काम होतंय ना, म्हणून. जेवण निम्म्यावर आलं होतं. ती म्हणायची, वय. दुखत काहीच नव्हतं.

मग एकदा तपासणीच्या दिवशी नळ आला नाही. सोलापूरकरांना हे समजावून सांगायला नको. पाळीचं पाणी हुकलं, घरात प्यायचा एक हंडा उरला, आणि नागमणी तशीच केंद्रात आली.

"मॅडम, माफ करा. आज नळ नव्हता. जीभ घासली नाही, तुमच्यापुढं कशी काढू?"

"काढा."

तिनं पदर तोंडाशी धरून काढली. तांबडा दिवा लागला. डॉक्टर दिव्याकडे बघत नव्हत्या. जिभेवर काळपट पिवळा थर होता, मधोमध सोललेला, कडेला भेगा.

"मागच्या महिन्यात घासली होती?"

"म्हणजे? रोजच. इथं येताना तर जास्तच. घाण दाखवायची का डॉक्टरला?"

मोठ्या दवाखान्यात तपासलं तेव्हा जठरातली गाठ यकृतापर्यंत गेलेली होती. वर्षभर तरी वाढत होती. सुई नसती तर तिनं केव्हाच पोट धरलं असतं.

नागमणी केंद्रात परत आली आणि खुर्चीवर बसली.

"मॅडम, घासू नका असं तुम्हाला सांगता येत नव्हतं?"

डॉक्टरांनी मूळ धडा काढला, सुईसोबत हैदराबादहून आलेला. त्यात ते वाक्य होतं: तपासणीच्या दिवशी जीभ घासू नये. मराठी धड्यात नव्हतं. "मंडळानं काढलं. कारण दिलं होतं, इथल्या लोकांना ते किळसवाणं वाटेल. मी नुसतं वाचत गेले."

"आम्हाला विचारलं?"

"नाही."

"सुई काढली तर?"

"सगळं एकदम दुखेल. खांदासुद्धा."

"राहू द्या मग. बाकीच्यांना तरी सांगा."

डॉक्टरांनी धडा मोडला. वस्तीत फिरून सांगितलं, उद्या जीभ न घासता या. लोक आले. लाजत, एकमेकांना कोपरानं ढोसत. कुणी म्हणालं, बायको जवळ उभी राहीना. रांग रस्त्यापर्यंत गेली. कुणाचं काहीच दुखत नव्हतं. एकेक जण हसत जीभ बाहेर काढत होता, आणि तांबडा दिवा लागायचा, विझायचा, पुन्हा लागायचा. मग तो विझायचा थांबला.

नागमणी दाराशी खुर्चीत बसून ते बघत होती. तिनं मंडळाला तीनदा विचारलं. तुमच्याकडून खुलासा आला, की केंद्रांचा यश-दर उत्तम आहे. बरोबरच आहे. घासलेल्या जिभांचा दर उत्तमच येणार, आणि तो दर बघूनच तुम्ही नवी केंद्रं उघडलीत.

ती अजून आहे. दुखत नाही तिला, तुमच्या कृपेनं. आवाज बसलाय, पण प्रश्न तोच आहे आणि तो किळसवाणा नाही. ते वाक्य कुणी काढलं, आणि काढताना पुढं काय होणार हे त्याला माहीत होतं की नाही?

ती ऐकायला आहे तोवर उत्तर द्या.