गोगलगायींचा तांडा, भाग दुसरा

उज्ज्वलाच्या शेजारी बसण्यात शामचे तीन फायदे होते. एक, मोबाइल चार्ज करायचं बटण त्याच भिंतीला होतं. दोन, अभ्यासिका चालवणाऱ्या अमरसिंग सरांच्या खुर्चीवरून ते टेबल खांबाआड जायचं. आणि तीन, उज्ज्वलाला इंग्रजी चांगलं येत होतं. ती हसली की डाव्या गालाला खळी पडायची, हा चौथा. पण तो त्यानं तेव्हा धरलाच नव्हता. निदान आता तो तसं सांगतो.

घाटंजीतल्या त्या अभ्यासिकेत खुर्च्या वीस, आणि खुर्ची रिकामी व्हायची वाट पाहणारे चाळीस. बहुतेक सगळे तलाठी भरतीवाले. दारावर लाल रंगात एकच नियम: मोबाइलवर खेळताना सापडला, त्याची जागा गेली.

आणि शाम, वय चोवीस, सामान्य ज्ञानाच्या जाडजूड पुस्तकात मोबाइल उभा करून जपानी गेम खेळत होता! पहिला भाग त्यानं मागच्या भरतीच्या वेळी संपवला होता. (त्या भरतीचं काय झालं ते विचारू नये.) आता दुसरा भाग आला होता. त्यात गोगलगायी पाठीवर मिठाची पोती लादून देशोदेशी हिंडतात. पोतं भिजलं की गोगलगाय विरघळणार; म्हणून ढग दिसला की सगळ्यांनी गाणं म्हणायचं. ढगाला हसू येतं आणि तो बरसायचं विसरतो. असला सगळा कारभार! पण शाम अकरा दिवस एका बोलक्या छत्रीपाशी अडकला होता. छत्री इंग्रजीत बोलायची, आणि फार बोलायची.

"ते म्हणून राह्यली, पहिले माफी माग."

शाम दचकला. उज्ज्वलाची मान वहीतच होती.

"क… कोण?"

"तुह्या पुस्तकातली छत्री. पहिल्या भागात तू तिले वादळात सोडून पळाला म्हणते. खरं हाय?"

खरं होतं. दुसरा भाग पहिल्या भागातलं काहीच विसरत नव्हता.

"गेमच तं हाय…"

"छत्रीले काय माहीत?"

तिनं दाखवली ती ओळ त्यानं दाबली. छत्री उघडली, रस्ता मोकळा झाला.

"उद्यापासून रोज अर्धा तास मी खेळीन," उज्ज्वला म्हणाली. "नाहीतर सरले सांगीन."

"हे तं ब्लॅकमेल झालं!"

"हो. स्पेलिंग येते का?"

मग रोज दुपारी इअरफोनची एक वायर, दोन कान. वायर आखूड, त्यामुळे डोकी जवळ. तिच्या बोटांना संत्र्याच्या सालीचा वास… शाम पानं उलटायचा, पण एकही वाचायचा नाही.

"हा तं आपलाच तांडा हाय," ती एकदा कुजबुजली. "माह्या आजोबाचे आजोबा बैलाच्या पाठीवर मीठच वाहत होते."

"माहेही."

"मग तुह्या आजोबानं कधीतरी माह्या आजोबाकडचं मीठ खाल्लं असन. जागजो त्याले."

तो हसला. तीही हसली, खळी पडली. चौथा फायदा त्या दिवशी रीतसर जमेस धरला गेला.

डिसेंबरातल्या एका दुपारी उज्ज्वलाचा कोपर वायरला लागला, वायर निसटली आणि त्या शांत खोलीत अठ्ठावीस गोगलगायी एका सुरात गाऊ लागल्या.

अमरसिंग सर टेबलापाशी आले. मोबाइल दोघांच्या बरोबर मध्ये.

"कोणाचा?"

शामच्या बापानं, देवसिंगनं, या खुर्चीसाठी सरांना किती वेळा हात जोडले होते! अठरा डोकी वळलेली…

"मले… माहीत नाही, सर."

सरांनी मोबाइल उचलला.

"माहा हाय, सर," उज्ज्वला म्हणाली. पेनाला टोपण लावलं, वही पिशवीत टाकली, निघाली. शामकडे तिनं पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळच्या आत तिच्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसली.

शामनं मनाची समजूत घालून पाहिली. आपण कुठं तिचं नाव घेतलं? खोटं ती बोलली. पण समजूत काही पटेना. घास घेताना लाज, आरशात लाज. त्यात कळलं की उज्ज्वलाचे वडील म्हणाले, 'गेम खेळायलेच पाठवत होतो का? बस झाली भरती, माघात स्थळ पाहू.' ती आता शेतात कापूस वेचत होती.

नवव्या दिवशी तो भर अभ्यासिकेत उभा राहिला.

"सर, तो मोबाइल माहा हाय."

सरांनी कपाटातून मोबाइल काढला. शामचा अंगठा लागताच तो उघडला. पोरं हसली, सर नाही.

"नऊ दिवस काय करून राह्यलता?"

"लाजून राह्यलतो, सर."

"ते बसल्या बसल्याही होते. तिची खुर्ची तं गेली. आता रिकामी होईन ते तुहीच."

"मग ते तिले द्या."

दुपारी तो तिच्या शेतात पोचला. तिच्या ओटीत कापूस होता आणि कपाळावर आठी.

"तुही जागा… मी सोडली. तू येजो उद्यापासून."

"मले कायले सांगतं? याडीले सांग."

याडी, म्हणजे तिची आई जमनी, चार वेचणाऱ्या बायांसह वाट पाहतच होती. शामनं मान खाली घालून सगळं सांगितलं, छत्रीपासून.

"तोच का हा मुका?" जमनीनं लेकीला विचारलं. बाया खो-खो हसल्या.

"तू खोटं कायले बोलली?" त्यानं बांधावर विचारलं.

"तुहं तोंड पाह्यलं. वाटलं, आता हा रडते. आणि ते मले…" ती थांबली. "मले नसतं पाहवलं."

"उज्ज्वला, तू मले आवडतं."

"हे तवा म्हणाचं होतं. 'माहीत नाही'च्या जागी."

पण ओटीतला कापूस सांडला, तो दोघांनी मिळून वेचला.

उज्ज्वला दुसऱ्या दिवसापासून शामच्या खुर्चीवर बसली. शाम बाहेर पायरीवर. मोबाइल परीक्षेपर्यंत सरांच्या कपाटात, म्हणून नाइलाजानं त्यानं पुस्तक वाचलं. पूर्ण.

निकाल लागला. शाम तलाठी झाला. उज्ज्वला दोन गुणांनी राहिली.

तिच्या वडिलांना असा जावई आवडला नसता तरच नवल. उज्ज्वला म्हणाली, "पहिले निवडयादीत माहं नाव, मग हळद." शाम 'हो' म्हणाला, तो दुसरं काय म्हणणार?

लोक त्याला हार घालतात आणि तो मान वर करत नाही. लोकांना वाटतं, पोरगा नम्र आहे. हिशेब दोघांनाच ठाऊक. नऊ दिवस गेले ते उज्ज्वलाचे, दोन गुण गेले तेही तिचेच. शामची गेली ती फक्त खुर्ची, आणि नियमानं ती पहिल्याच दिवशी जायची होती.