सिंहासन नसलेली मूर्ती

रामवाडीच्या कॉम्प्युटर क्लासात त्या दिवशी एकच मशीन चालू होतं, म्हणून रोह्याची नम्रता आणि पेणचा मिथुन एका बाकावर आले. नाहीतर दोघांनी एकमेकांकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. साल सत्त्याण्णव. नम्रता एसटीने ये-जा करायची, आणि गाडी चुकेल या धास्तीत तिला कुणाकडे बघायची फुरसत नसायची.

मिथुनच्या घरचा गणपतीचा कारखाना. त्याने कारखान्यासाठी सी प्लस प्लसमध्ये प्रोग्रॅम लिहिला होता, आणि मूर्ती वाढल्या की मेमरी संपून तो बंद पडायचा. नम्रताने पाहिलं. ‘मूर्ती’ नावाच्या मूळ क्लासात, म्हणजे प्रोग्रॅममधल्या मूळ साच्यात, या पठ्ठ्याने सिंहासन, छत्री, प्रभावळ, मूषक, सगळ्यांची माहिती कोंबली होती, आणि लहानमोठ्या मूर्तींचे क्लास त्याच्यापासून काढले होते.

तिने विचारलं, वीतभर मूर्तीला सिंहासन कशाला?

“असू दे गो, रिकामंच हाय,” तो म्हणाला. त्यांच्या कारखान्यात आजोबांच्या वेळचा फुटका साचाही कुणी टाकत नसे; कधी लागेल सांगता येत नाही, म्हणून. तीच खोड प्रोग्रॅममध्ये उतरली होती.

“रिकामं असलं तरी जागा धरतंच,” नम्रता म्हणाली. “मूळ क्लासात ठेवलेला डेटा प्रत्येक ऑब्जेक्ट, म्हणजे तुझी एकेक मूर्ती, पोटात घेऊनच जन्मतो. वापरो, न वापरो. फंक्शन्स, म्हणजे करायची कामं, हवी तेवढी ठेव, त्याने ऑब्जेक्ट फुगत नाही.”

तिने वीतभर मूर्तीचा मेमरीतला आकार पडद्यावर काढून दाखवला. तो मोठ्या मूर्तीच्या जवळपास निघाला. मिथुन ओशाळला... मग त्याची नजर तिच्या गालावर आलेल्या बटेकडे गेली, ती काही लवकर परतली नाही.

आठवडाभर दोघं खपले. सिंहासन, छत्री ज्यांची त्यांच्या क्लासात गेली, प्रोग्रॅम धावू लागला, आणि एकत्र बसायचं कारणच संपलं. बाकीची मशीनंही चालू झाली, तरी दोघं एकाच मशीनवर बसत राहिले. क्लासच्या सरांनी त्यांना उठवलं नाही. डोळे त्यांनाही होते. नम्रता प्रेमात पडली होती, साफ पडली होती. पण तिला नागोठण्याचं स्थळ आलं होतं, रविवारी ती मंडळी बघायला येणार होती, आणि मिथुन तोंड उघडेना.

शुक्रवारी एसटी स्टँडवर त्याने एकदाचं उघडलं. हातांना शाडू तसाच वाळलेला.

“नम्रता... माझ्याशी लग्न म्हणजे दोन काका, आत्या, आजी, वर कारखाना. सगळंच गळ्यात. तुझा जीव दबेल. म्हणून कारखाना सोडतो मी. रोह्याला कंपनीत लागतो. आपण दोघंच राहू.”

नम्रताला भरून आलं, आणि त्याहून जास्त राग आला. मूर्तीचा हिशेब माणसाला लावणारा असा शहाणा तिने पाहिला नव्हता.

“मला आवडलास तो शाडूच्या हातांचा,” ती म्हणाली. “एवढं सगळं काढून ठेवलंस, तर उरेल त्याला मी ओळखते तरी का?”

रोह्याची गाडी लागली. ती पायरी चढली, दांडा धरून मागे वळली.

“उद्या घरी ये. काका, आत्या, आजी... सगळ्यांना घेऊन ये. एकटा आलास, तर बाबा दारात उभं करायचे नाहीत.”