बोलता येईल इतक्याच वेगानं

"अहो, जमिनीनं काय घोडं मारलंय तुमचं? किती आपटताय पाय!"

तिनं दचकून मागं पाहिलं. शाळेच्या मैदानावर पळायला लागून तिला जेमतेम तीन दिवस झाले होते, आणि खेळाचे सर मिश्किल हसत होते. खरं तर राग यायला हवा होता... आला नाही.

मग रोज सकाळी शिकवणीच सुरू झाली. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं. पावलं छोटी. गुडघा कुरकुरला की थांबायचं.

"आणि बोलता येईल इतक्याच वेगानं पळायचं," सर म्हणाले.

"बोलायला कुणी नसलं तर?"

"मी काय झाड आहे?"

चालायची वेळ आली की सर मात्र पुढं पळत जायचे. ती दोन मिनिटं तिला जाता जात नसत. शेवटी तिनं चालणंच सोडलं. "जमतंय मला," म्हणत ती त्यांच्या बरोबरीनं पळू लागली. बेकरीतलं काम आटोपल्यावर चोरून सरावही करायची.

"जिना उतरताना लंगडतेस," वहिनी म्हणाली. "सांग की त्यांना!"

"आणि ते म्हणाले, घरी बसा, तर?"

एका सकाळी पळता पळताच सर म्हणाले, "दुसऱ्या गावाहून नोकरीची विचारणा आलीय. जाऊ... की थांबू? तुम्ही म्हणाल तसं."

नेमकी तेव्हाच गुडघ्यात कळ आली. दुखणं दिसू नये म्हणून तिनं ओठ घट्ट मिटले, तोंड फिरवलं.

"बरं... कळलं," सर म्हणाले.

उद्या दम न लागता नीट सांगू, असं तिनं ठरवलं. पण दुसऱ्या दिवशी गुडघा एवढा सुजला की आठ दिवस ती जिनाही उतरली नाही.

कामावर परतली त्याच दिवशी सर बेकरीत आले. हातात बॅग होती.

"निघालो. म्हटलं, निरोप घ्यावा."

"सर, त्या दिवशी... गुडघा दुखत होता हो माझा! मी 'थांबा' म्हणणार होते."

सरांनी बॅग खाली ठेवली. "तिकडं होकार कळवला मी. इथं माझ्या जागी नवे सर आलेसुद्धा." मग हळूच म्हणाले, "दुखतंय, हे का नाही सांगितलंत?"

"तुमच्याबरोबर पळता आलं नसतं."

"अहो... मी चाललो असतो की तुमच्याबरोबर."