मोनिकाचा व्हिडिओ

उस्मानपुऱ्यातल्या त्या क्लासमध्ये परदेशी निघालेल्या मुलांना सोमनाथ सर घाम पुसत सांगत होते, लोणचं किती न्यायचं, स्वेटर कुठला घ्यायचा. संस्कृतीचं लक्ष नव्हतं. गारखेड्यातल्या दोघींच्या खोलीवर तबस्सुमनं सकाळीच तिचा हात घट्ट धरून बजावलं होतं, "आज विचारच. लाजू नको."

ती उभी राहिली. "सर, मी मुलीवर प्रेम करते. मला शिष्यवृत्ती मिळालीय त्या देशात तो गुन्हा आहे. पकडलं तर कुणाकडं जायचं?"

मागं कुणीतरी खिदळलं.

"तसलं काय करायचंच नाय तिथं," सर म्हणाले. "बसा खाली."

संस्कृतीची कानशिलं तापली. सरांनी घाईघाईनं एक जुनं रेकॉर्डिंग लावलं. पडद्यावर मोनिका आली. चितेगावची, संस्कृती निघाली होती त्याच विद्यापीठात गेलेली. "इथं सगळं लई छान आहे," ती हसून म्हणाली.

"छान कुणासाठी?" संस्कृती ओरडलीच.

मोनिकाचं हसू थांबलं. तिनं मान वळवली, थेट संस्कृतीकडं.

"फोनमधले फोटो तिथंच पुसून ये. विमानतळावर फोन उघडायला लावतात. वकिलाचा नंबर पाठ कर. होस्टेलच्या वॉर्डनला काय बी सांगू नको. मी सांगितलं, तिथंच घात झाला."

सरांनी वायर उपटली. पडदा काळा झाला. आवाज मात्र वाक्य पुरं करूनच थांबला.

"कुठंय ती, सर?"

सरांचे ओठ पांढरे पडले होते. "वारली. तिथल्या कोठडीत. मागल्या वर्षी."

"आणि तिचं हसू दाखवून तुम्ही आम्हाला पाठवता? शरम नाय वाटत?"

तिनं मोबाइलवर त्या देशाचा कायदा काढला आणि शिक्षेच्या ओळीसकट सगळ्या वर्गाला मोठ्यानं वाचून दाखवला. आता कुणी खिदळलं नाही. तिनं सरांना शिष्यवृत्ती नको म्हणून सांगितलं आणि तशीच तडक चितेगावच्या रिक्षात बसली. पोरीच्या मरणावर कोण धंदा करतंय, हे मोनिकाच्या आईला कळायलाच हवं होतं.

गावात विचारत विचारत घर सापडलं. मोनिकाच्या आईनं, पारूबाईंनी दार उघडलं. संस्कृती तोंड उघडणार, तोच त्या म्हणाल्या,

"ये बाई. मोनी म्हणलीच व्हती, रागारागातच येईल. बस. आधी च्या घे."

ओट्यावर कप भरून ठेवलेला होता. अजून वाफा निघत होत्या.

संस्कृतीनं घोट घेतला.

चहात साखर नव्हती. ती लहानपणापासून बिनसाखरेचाच पिते.