दारावरचं पांढरं फडकं

एकोणपन्नास वर्षांपूर्वी ओव्हिड दार्दारने एक आवाज ऐकला होता. बसच्या मागच्या पत्र्यावर ओल्या तळहाताच्या दोन थापा, आणि प्रत्येक थापेमागून अंगठीचा बारीकसा 'टिक'. त्या काळी वादळाआधी माणसं हलवताना हीच खूण होती. सगळ्यात शेवटी जमिनीवर उभा असलेला माणूस बसचा पत्रा वाजवायचा. एक थाप म्हणजे थांब. दोन म्हणजे सगळे चढले, चल. ओव्हिड तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. दोन थापा पडल्या, त्याने गाडी हाणली, आणि पन्नास मैल उत्तरेला शाळेच्या आवारात बस रिकामी झाली तेव्हा कळलं की थिओ बिलियो चढलाच नव्हता. थिओ आपला मेणकापडाचा पिवळा कोट चढवून बहिऱ्या प्रॉस्परला आणायला गेला होता. घर सोडणार नाही म्हणून म्हातारा हटून बसला असावा. तीन आठवड्यांनी दोघं एकाच जागी सापडले, पाणगवतात.

थिओची बायको क्लोटील्ड तेव्हा बसमध्ये पुढच्याच बाकावर बसली होती. तिने ओव्हिडला एकच वाक्य ऐकवलं, "तू मागे वळून बघितलं नाहीस." त्यानंतर ती त्याच्या बसमध्ये कधी चढली नाही. आपलं आपण बघायची. पुढच्या प्रत्येक वादळात ती कुणाच्या ना कुणाच्या गाडीतून जायची, आणि जाताना ओव्हिडच्या घरावरून मान ताठ ठेवून जायची.

त्या दिवसापासून ओव्हिड थापेवर विसंबेनासा झाला. प्रत्येक वादळात बस त्यानेच चालवली, पण उतरून, बाकाबाकाशी जाऊन, स्वतःच्या डोळ्यांनी माणसं मोजूनच त्याने गाडी सुरू केली. मागे कुणी राहिलं असं पुन्हा घडलं नाही. याचा त्याला अभिमान होता. बोलून दाखवायचा नाही, पण होता.

या वर्षी वादळ आलं तेव्हा त्याला पंचाहत्तर पुरी झाली होती. नेमलेले दोन्ही ड्रायव्हर आपापली पोरंबाळं घेऊन आदल्या दिवशीच निघून गेले होते. परगण्याच्या कचेरीतून फोन आला तेव्हा ओव्हिड सावकाश म्हणाला, "किल्ली कुठे ठेवलीय तेवढं सांगा."

दुपारचे सव्वातीन झाले होते, पण उजेड तिन्हीसांजेचा होता. आभाळ हिरवट. वारा अजून झोडपत नव्हता, नुसता ढकलत होता. दोन्ही बाजूंना पाणी आणि मधून एकच रस्ता, आणि रस्त्याकडेला खांबांवर उभी असलेली घरं. हवेला चिखलाचा आणि कुजक्या कोळंबीच्या सालांचा वास होता. घरोघरच्या दारांवर पांढरी फडकी बांधलेली होती. फडकं म्हणजे घर रिकामं, आत शोधत बसू नका. परगण्यानेच ही रीत घालून दिली होती, आणि इथली माणसं ती देवळातल्या नेमासारखी पाळत.

यादीतलं शेवटचं नाव ओडेलियाबाईंचं होतं. प्राणवायूची नळकांडी, औषधांची पिशवी आणि भाताचं पातेलं यांच्यासकट त्यांना बसमध्ये चढवलं. यादी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हिंडणारी लोरीना पुढच्या दाराशी बसली होती. परगण्याची बाई, पन्नाशीची, बोलायला फटकळ.

"सतरा," ती म्हणाली. "झालं, मिस्टर ओव्हिड. पूर अडवायला चारला बांधाचं फाटक लावतात. तिथवर पंचवीस मिनिटं लागतात. उगाच माझा जीव टांगू नका."

ओव्हिड बाकांमधून मागपर्यंत जाऊन मोजून आला. सतराच. मागच्या बाकावर ल्युसिएन कोंबडा मांडीवर घेऊन बसला होता.

"याला पण मोज," ल्युसिएन म्हणाला. "हा माझ्या जावयापेक्षा जास्त कामाचा आहे."

समोरच्या बाजूला क्लोटील्डचं घर होतं. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. दारावर पांढरं फडकं.

"मिस क्लोटील्ड गेल्या काल, भाच्याबरोबर," लोरीना म्हणाली. "सगळ्या रस्त्याला सांगून गेल्यात."

"बरं झालं," ओव्हिड म्हणाला, आणि त्याने गिअर टाकला.

थाप पडली. एकच. मागच्या पत्र्यावर. आणि थापेमागून... टिक.

ओव्हिडचा पाय आपसूक ब्रेकवर गेला. त्याने दोन्ही आरशांत पाहिलं. ओला रस्ता, लवणारं पाणगवत. माणूस नाही.

"काय झालं?" लोरीनाने विचारलं.

"मागे कुणी आहे?"

"फांदी आपटली असेल," ल्युसिएन मागून ओरडला.

"फांदी कुठली आणता, मिस्टर ल्युसिएन? खाऱ्या पाण्याने या रस्त्याला एक झाड ठेवलंय का?" लोरीना म्हणाली, पण तिने मान वळवून मागच्या काचेतून बघून घेतलं.

ओव्हिडने पुन्हा गाडी हलवली. चाकं जेमतेम हातभर फिरली असतील. थाप. टिक.

ल्युसिएनने कोंबड्याला छातीशी धरलं. "माझ्या पाठीशीच वाजलं," तो हळू आवाजात म्हणाला. "अगदी पाठीशी..."

रेडिओ खरखरला. कचेरीतला माणूस विचारत होता, "मिस्टर ओव्हिड, यादी पूर्ण झाली का?"

"यादी झाली," ओव्हिड म्हणाला.

"मग निघा. चार म्हणजे चार. ज्याने नाव दिलं नाही तो स्वतःला जबाबदार. एकासाठी सतरा जणांना धोक्यात घालता येणार नाही."

म्हणणं खोटं नव्हतं. ओव्हिडने रेडिओ जागेवर ठेवला आणि इंजिन बंद केलं.

"मिस्टर ओव्हिड!"

"पाच मिनिटं, लोरीना. तेवढ्यात आलो नाही तर तू चालव. पण थापेवर निघू नकोस. डोळ्यांनी बघून नीघ."

तो बसला वळसा घालून मागे गेला. पत्रा ओला होता, बाकी काही नाही. खाली मऊ चिखल होता आणि त्यात फक्त चाकांच्या खुणा होत्या. आपल्याच पावलांचा आवाज ऐकत तो क्लोटील्डच्या जिन्याशी आला. चौदा पायऱ्या. वर पोचेतो त्याला धाप लागली. दारावरचं फडकं वाऱ्यात उडायला हवं होतं, पण ते ताणलेलं होतं. त्याने वाकून पाहिलं. फडक्याचं टोक दाराच्या फटीतून आत गेलं होतं.

गाठ आतून मारलेली होती.

"क्लो..." त्याने हाक मारली. किती वर्षांनी, कोण जाणे.

मग आतून कडी निघाली.

क्लोटील्ड चांगला निळा झगा घालून उभी होती. मागे टेबलावर कॉफीचा पेला, खुर्चीला टेकवलेली कुऱ्हाड. पाणी चढलं तर माळ्यावरून छप्पर फोडायला ती प्रत्येक घरात असते. तिच्या उजव्या हातावर, कोपरापासून मनगटापर्यंत, काळ्या शाईने तिचं नाव लिहिलेलं होतं. उद्या प्रेत सापडलंच तर ओळख पटावी म्हणून.

"फडकं वाचता येत नाही वाटतं तुला," ती म्हणाली. "शाळेत गेला असतास तर..."

"भाचा?"

"त्याच्या गाडीत पाच पोरं, सासू आणि तो लाळ गाळणारा कुत्रा. त्याला सांगितलं शेजारी नेतील. शेजाऱ्यांना सांगितलं भाचा नेईल."

"आणि यादीत नाव?"

"तुझ्या यादीत?" ती हसली, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "माझा नवरा एका हट्टी म्हाताऱ्यापायी गेला, ओव्हिड. माझ्यापायी कुणी जाऊ नये म्हणून फडकं बांधलं. माझं मी बघेन. तू जा."

ओव्हिडला भराभर बोलता येत नसे. त्याने टोपी काढली आणि ती दोन्ही हातांत धरली.

"मला थिओने थांबवलं," तो म्हणाला. "दोनदा. अंगठीचा आवाज होता त्यात."

तिने गळ्यातली साखळी झग्यातून बाहेर ओढली. साखळीत पातळ झालेली सोन्याची अंगठी होती.

"ही इथे आहे," ती म्हणाली. "त्याच्या बोटातून काढून दिली तेव्हापासून, एकोणपन्नास वर्षं, इथेच आहे. असली थट्टा पुन्हा करू नकोस."

आणि खालून, बंद उभ्या बसवरून, आवाज आला. थाप. टिक.

वारा फळ्यांमधून शीळ घालत होता. क्लोटील्डच्या ओठांवरचा रंग गेला होता.

"एकच पडली," ती अगदी हळू म्हणाली. "एक म्हणजे..."

"थांब. गाडी थांबलीय."

"माझ्यासाठी?"

"सतरा माणसं बसलीत आत. तू आल्याशिवाय ती हलायची नाही, आणि हलवणारा मी नाही."

तिने कॉफीचा पेला उचलला, उरलेली कॉफी मोरीत ओतली, पेला विसळून पालथा ठेवला. मग म्हणाली, "आणि हे आत्ता सांगतोस? सतरा जणांना ताटकळत ठेवून इथे टोपी चुरगळत उभा आहेस!"

त्याने हात पुढे केला. तिने तो घेतला नाही. दाराबाहेर आल्यावर तिने फडकं सोडलं, आणि बाहेरच्या कडीला पुन्हा नीट, दोन गाठी मारून बांधलं. "आता ते खरं बोलतंय," असं म्हणून ती कठडा धरून चौदा पायऱ्या स्वतःच्या पायांनी उतरली. बसच्या पायरीशी क्षणभर थांबली. मग चढली, आणि पुढच्याच बाकावर बसली.

"अगं, तू काल गेली होतीस ना?" ओडेलियाबाई नाकातली प्राणवायूची नळी सावरत म्हणाल्या.

"गेले होते. तुझ्या भाताच्या वासाने परत आले."

दोघीतिघी हसल्या. लोरीनाने यादीच्या खाली एक नाव लिहिलं.

ओव्हिडने पुन्हा मोजलं. अठरा. लोरीना एकोणीस. तो वीस. दोन्ही दारं त्याने स्वतः लावली. रस्त्यावर कुणी नव्हतं, हे त्याने सगळ्या काचांतून बघून घेतलं. मग तो जागेवर बसला आणि किल्ली फिरवली.

थाप. टिक. थाप. टिक.

कोंबडासुद्धा आवाज करेना. क्लोटील्डचा हात गळ्याशी गेला. साखळी होती, अंगठी होती. तिने बोटं पुढे धरून पाहिली. अंगठी चाचपलेल्या बोटांना ओला चिखल लागला होता.

"ओव्हिड..." ती म्हणाली. "असंच वाजलं होतं का? तेव्हा?"

"असंच."

"म्हणजे कुणी चुकलं नव्हतं." ती थांबत थांबत बोलत होती. "त्याला म्हाताऱ्याला सोडायचं नव्हतं... आणि आपल्याला अडकवायचं नव्हतं. त्यानेच धाडलं आपल्याला. जाणूनबुजून."

ओव्हिडने मान हलवली.

क्लोटील्ड बाकावर ताठ झाली. मागे वळून तिने साऱ्या बसकडे पाहिलं. डोळे भरले होते, पण आवाज कापत नव्हता. "ऐकलंत ना सगळ्यांनी?" ती म्हणाली. "माझा नवरा आहे तो. कामावर आहे."

ल्युसिएनने टोपी काढली.

बांधाच्या फाटकातून ते चारला दोन मिनिटं असताना पार झाले. त्यांच्यामागे फाटक लागलं. पण ते नंतर. त्याआधी, पहिल्या वळणावर, ओव्हिडने डावीकडच्या आरशात पाहिलं. या वेळी त्याने मागे बघितलं.

क्लोटील्डच्या जिन्यावर, मेणकापडाचा जुना पिवळा कोट घातलेला एक माणूस दाराशी उभा होता. त्याने फडक्याच्या दोन्ही गाठी सावकाश सोडल्या. दुसऱ्या कुणाच्या दाराला बांधायला न्यावं तसं फडकं खांद्यावर टाकलं. दार आता उघडं बोडकं दिसत होतं, आत कुणी असल्यासारखं. मग तो चौदा पायऱ्या उतरला.

ओव्हिडने वरच्या आरशात नजर टाकली. क्लोटील्डही तिकडेच पाहत होती. आरशात दोघांची नजरानजर झाली, आणि त्याने वेग जरा कमी केला.

पिवळ्या कोटातला माणूस रस्त्यावर आला, दक्षिणेला वळला, जिथे प्रॉस्परच्या घराचे नुसते खांब पाण्यात उभे आहेत, आणि एकदाही मागे न बघता चढत्या पाण्याच्या दिशेने चालत गेला.